पाय बधिर होतात आणि उठल्यावर अंधारी येते, या दोन्हीचा संबंध आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ७४ वर्षांचे, १६ वर्षांपासून शुगर, गेली दोन-तीन वर्षं तळपाय बधिर आणि रात्री पायांची आग. आता सहा महिन्यांपासून सकाळी अंथरुणातून उठले की डोळ्यापुढे अंधारी येते आणि त्यात ते दोनदा पडलेसुद्धा. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, पण बसल्या जागी नाडी कायम ९५ च्या आसपास. सगळीकडे एकच उत्तर मिळतंय की वय झालंय. तर पायाच्या नसांचा आणि हृदयाचा काही संबंध असू शकतो का?

हो, असू शकतो. आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून तो तपासलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. मी वीसहून जास्त वर्षं वयस्कर लोकांच्या मज्जातंतूंचे आजार बघतेय, आणि हे दोन त्रास एकाच माणसाला असूनही दोन वेगळ्या डॉक्टरांकडे वेगवेगळे दाखवले जातात, दोघेही आपापल्या परीने बरोबर बोलतात आणि जोडणारा धागा कुणाच्याच हातात येत नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय की म्हणून जरा सविस्तरच लिहितेय.

आधी शब्दाचा घोळ. आपण 'नस' म्हणतो तेव्हा रक्तवाहिनीही म्हणतो आणि मज्जातंतूही म्हणतो, आणि त्यामुळे पेशंट म्हणतात "नसांचं आहे" आणि घरचे समजतात रक्तपुरवठ्याचं आहे. मी इथे नस म्हणजे मज्जातंतू, म्हणजे निरोप नेणारी वायर या अर्थानेच लिहितेय. या वायर तीन कामांच्या असतात. काही स्पर्श, कंप, वेदना, गरम-गार हे मेंदूकडे पोचवतात, काही स्नायू हलवतात, आणि तिसऱ्या म्हणजे स्वायत्त नसा, ज्या आपल्याला न विचारता काम करतात: हृदयाचा वेग, बीपी, घाम, आतड्यांची हालचाल, लघवी. पायाची आग आणि बधिरपणा पहिल्या प्रकारातला आणि उठल्यावरची अंधारी तिसऱ्या प्रकारातली, पण शुगर जेव्हा नसा खराब करते तेव्हा ती प्रकार बघून करत नाही.

त्यातही लांब नसा आधी जातात. नसेच्या पेशीचं मुख्य शरीर असतं मणक्याजवळ आणि तिचं टोक असतं पायाच्या अंगठ्यात, म्हणजे मोठ्या माणसात जवळपास एक मीटर अंतर, आणि टोकापर्यंत लागणारं सगळं सामान त्या पेशीला तिकडून पाठवावं लागतं. पुरवठा कमी पडायला लागला की शेवटचं टोक आधी वाळतं. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून, मग घोटा, मग पोटरी, आणि त्रास गुडघ्याच्या आसपास पोचला की हाताची बोटं. आता हृदयाचा वेग कमी ठेवणारी जी व्हेगस नस आहे तीसुद्धा खूप लांब आहे, मेंदूच्या देठापासून निघून मान, छाती करत पोटापर्यंत जाते. शुगरमध्ये बऱ्याचदा तिचं काम आधी कमी होतं आणि वेग वाढवणाऱ्या नसा तुलनेने उशिरा खराब होतात. ब्रेक ढिला आणि ॲक्सिलरेटर शाबूत, त्यामुळे बसल्या जागी नाडी ९५.

ही नाडी मला महत्त्वाची वाटते. हृदयाचा स्वतःचा पेसमेकर, म्हणजे ठोके सुरू करणारा हृदयातलाच भाग, कुणीही हात न लावता तरुणपणी मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देतो, आपली नाडी ६०-७० असते कारण व्हेगस त्याला सतत दाबून ठेवते. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, तर त्या माणसाची आरामातली नाडी ९०-१०० च्या घरात राहते, आणि जिना चढायला लागलं तरी ती लगेच वाढत नाही, हळूहळू वाढते. म्हणजे नसा नसल्या तरी हृदय चालतं, फक्त त्याला प्रसंग ओळखून वेग बदलता येत नाही. आणि वय वाढतं तसा हा मूळ वेगही कमी होत जातो, म्हणून ७४ व्या वर्षी आरामात ९५ नाडी याला 'वय' हे कारण तर पटतच नाही, वयाने उलट व्हायला पाहिजे होतं. अर्थात अशा नाडीला थायरॉईड, रक्त कमी असणं, ताप, दम्याची औषधं, हृदयाची लय बिघडणं अशी बाकीची कारणंही असतात, ती आधी बघायची.

मग वयाने काय होतं? होतं, नाकारत नाही. साठी-सत्तरीनंतर पायाच्या बोटांतली कंपाची जाणीव कमी होते, घोट्याचा रिफ्लेक्स बऱ्याच धडधाकट माणसांतही मिळत नाही, नसेतून जाणाऱ्या संदेशाचा वेग थोडा मंदावतो. हृदयाच्या बाजूला मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्या कडक होतात, बीपी मोजणारे जे सेन्सर त्यांच्या भिंतीत बसवलेले असतात ते ताण आला तरच बोलतात, आणि भिंतच ताणली जात नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज बारीक होतो. शिवाय हृदय ॲड्रेनलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही, म्हणजे वय झालेल्या शरीरात वेग वाढवणारे संदेश उलट जास्त सुटत असतात पण ऐकणारा कमी ऐकतो. एवढं सगळं नुसत्या वयाने होतं. पण यातल्या कशानेही माणूस सहा महिन्यांत दोनदा पडत नाही, पायाची रात्रभर आग होत नाही आणि तीन वर्षांत बधिरपणा बोटांपासून पोटरीपर्यंत चढत नाही. तसं झालं की त्याला आजार म्हणायचं आणि कारण शोधायचं.

आता उठल्यावर काय होतं ते. आडवा माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त छातीतून खाली पोटात आणि पायात उतरतं. सेन्सरना ते कळतं, मेंदू लगेच हुकूम देतो, पाय-पोटाच्या रक्तवाहिन्या आवळतात, नाडी थोडी वाढते, आणि आपल्याला यातलं काहीच जाणवत नाही. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा खराब असतील तर रक्त खालीच राहतं, बीपी कोसळतं, मेंदूला कमी पडतं, आणि अंधारी येते. काहींना अंधारी येतच नाही, मान आणि खांदे दुखतात हँगर लावल्यासारखे, किंवा नुसतं गळून जायला होतं, आणि बसलं की बरं वाटतं. हे "बसलं की बरं वाटतं" मी प्रत्येकाला मुद्दाम विचारते.

विचारावं लागतं कारण आपल्याकडे चक्कर हा एकच शब्द तीन गोष्टींना वापरतात. खोली गरगरणं ही एक, ती बहुतेक कानाची. डोळ्यापुढे अंधारी येऊन आता पडणार असं वाटणं ही दुसरी, ती बीपीची किंवा हृदयाच्या लयीची. आणि तिसरी म्हणजे डोकं साफ असतं पण पाय जमिनीवर नीट पडत नाहीत, अंधारात किंवा डोळ्यावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो, ती पायाच्या नसांची. तुमच्या वडिलांना दुसरी आणि तिसरी दोन्ही असू शकतात, आणि दोन्ही एकत्र म्हणजे पडण्याची शक्यता कितीतरी वाढते, कारण बीपी पडलं की सावरायला पाय लागतात आणि पायांना जमीन कळत नसते.

तपासणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी केली जाणारी. आडवं पाच मिनिटं झोपवायचं, बीपी आणि नाडी घ्यायची, मग उभं करायचं आणि एका मिनिटाला आणि तीन मिनिटांनी परत दोन्ही घ्यायचं. वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं तर उभं राहिल्यावर बीपी पडतंय असं धरायचं. बसवून नाही, आडवं ते उभं. खुर्चीत बसून घेतलेल्या बीपीत हा आजार दिसतच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कागदावर १३०/८० लिहिलेलं असतं आणि माणूस घरी पडत असतो. घरच्या डिजिटल मशीनवर तुम्हीही हे करू शकता, फक्त बाजूला एक जण धरायला पाहिजे आणि मागे खुर्ची पाहिजे, आणि सकाळी उठल्या उठल्या करा, कारण तेव्हाच ते सगळ्यात जास्त उतरतं. तीन दिवसांचे आकडे लिहून नेलेत तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

आणि नाडी का घ्यायची? समजा बीपी ४० ने उतरलं आणि नाडी ३० ने वाढली, तर नसा काम करतायत, बहुधा अंगातलं पाणी कमी आहे, रक्तस्राव आहे किंवा एखादं औषध जास्त होतंय. पण बीपी ४० ने उतरलं आणि नाडी फक्त ६-८ ने हलली, म्हणजे शरीराने धोक्याची घंटाच वाजवली नाही, तिथे नसांचा संशय पक्का होतो. साधारण हिशोब असा की बीपी जितकं उतरलं त्याच्या निम्म्यापेक्षा नाडी कमी वाढली तर नसा. मात्र बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी कमी ठेवणारी गोळी, चालू असेल किंवा पेसमेकरचं मशीन बसवलेलं असेल तर हा हिशोब धरायचा नाही.

याच्या पुढे हृदयाच्या नसांची वेगळी चाचणी असते. ईसीजी लावून मिनिटाला सहा असा सावकाश श्वास घ्यायला लावतात आणि नाडी श्वास घेताना किती वाढते, सोडताना किती कमी होते ते बघतात. श्वासाबरोबर नाडी खालीवर होणं हे व्हेगस जिवंत असल्याचं लक्षण आहे, कार्ल लुडविगने १८४७ मध्येच याची नोंद घेतली होती. पुढे १९७० च्या दशकात एडिंबरामध्ये युइंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वास, उभं राहणं, जोरात फुंकून धरणं, मूठ आवळून धरणं अशा चाचण्यांचा संच बसवला आणि तो आजही वापरतात. यात एक धोका आहे, वयाबरोबर हा फरक नैसर्गिकरीत्याच कमी होतो, म्हणून तरुणांचे आकडे लावले तर सत्तरीतला प्रत्येक माणूस आजारी ठरेल. रिपोर्टवर वयानुसार नॉर्मल लिहिलंय का ते बघा.

मनगटावरच्या घड्याळातल्या एचआरव्हीबद्दल, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्या आकड्याबद्दल, आजकाल खूप जण विचारतात. वयस्कर माणसात त्यावर निष्कर्ष काढू नका. मधेच पडणारे जादा ठोके किंवा एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडणं) असेल तर हा आकडा वाढलेला दिसतो आणि माणूस खूश होतो, खरं तर ती लयच बिघडलेली असते.

दुसरा गैरसमज एनसीव्हीचा. पायाच्या नसांची ती करंट देऊन केलेली चाचणी नॉर्मल आली की "नसा ठीक आहेत" म्हणून घरी पाठवतात. ती चाचणी फक्त जाड, आवरण असलेल्या नसा बघते. आग, टोचणं, गरम-गार आणि स्वायत्त कामं ज्या बारीक नसांतून होतात त्या तिच्यात दिसतच नाहीत. म्हणून पायाची आग, पायाला घाम येणं बंद, आणि उठल्यावर अंधारी, असं चित्र असेल आणि एनसीव्ही नॉर्मल असेल तर मी पेशंटच्या बाजूने असते. गरज पडली तर घामाची चाचणी किंवा त्वचेचा ३ मिलीमीटरचा तुकडा काढून बारीक नसा मोजता येतात, पण बऱ्याचदा नीट विचारून आणि तपासूनच कळतं.

शुगर आहे म्हणून शुगरच कारण, असं धरून बसू नका, हे मी शिकलेय ते चुकीतून. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक गृहस्थ होते, शुगर होती, पाय बधिर होते, मी शुगरची न्यूरोपॅथी, म्हणजे शुगरने नसा खराब, असं लिहून मोकळी झाले. दोन्ही हातांच्या मनगटाची ऑपरेशनं आधी झालेली होती, ते त्यांनी सांगितलंही होतं आणि मी ते नुसतं ऐकून घेतलं. वर्षभराने धाप लागून ॲडमिट झाले तेव्हा इकोत हृदयाच्या भिंती जाड आणि ईसीजीतले ठोके मात्र बारीक, म्हणजे अमायलॉइड होता, एक प्रथिन नसांतही साठत होतं आणि हृदयातही. तेव्हापासून दोन्ही मनगटांचा कार्पल टनेल (मनगटात नस दाबली जाणं, त्यांची ऑपरेशनं त्याचीच होती), वजन उतरणं, पाय बधिर आणि उभं राहिल्यावर बीपी पडणं हे एकत्र दिसलं की मी थांबते. आता त्यावर औषधं आहेत आणि ती लवकर दिली तरच उपयोग होतो, म्हणून हे अजून जास्त महत्त्वाचं.

बी-१२ व्हिटॅमिन प्रत्येकाचं बघायचंच. शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असलेल्यांत आणि ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांत ते कमी होतं, वयाने पोटाचं अस्तर पातळ झालं की आणखी कमी, आणि हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी नसा खराब होऊ शकतात. उलट बाजूला, नसांच्या ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बी-६ भरपूर असतं आणि ते जास्त डोसमध्ये महिनोन्महिने घेतलं तर त्यानेच नसा खराब होतात, तेव्हा दोन-तीन ब्रँड एकत्र चालू नाहीत ना ते बघा. दारू, थायरॉईड, किडनी, केमोथेरपी, रक्तातली एम प्रोटीन (रक्तातलं एक असामान्य प्रथिन), हे डॉक्टर विचारतीलच. आणि वास जाणं, जुनी बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं-ओरडणं, हालचाल मंद होणं यातलं काही असेल तर पार्किन्सनच्या गटातले आजार, त्यातही हृदयाच्या नसा जातात आणि कधीकधी थरथर सुरू व्हायच्या आधी बीपी पडायला लागतं.

औषधांची पिशवी मात्र पहिल्याच भेटीत अख्खी घेऊन जा. प्रोस्टेटची गोळी, लघवीची गोळी, छातीत दुखण्याची नायट्रेट, बीपीच्या दोन-तीन गोळ्या, आणि गंमत नाही, पायाच्या आगीसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीनसुद्धा, हे सगळं बीपी पाडतं. पाय शांत व्हावा म्हणून दिलेल्या गोळीने माणूस पडलाय असं मी खूपदा बघितलंय. प्रेगाबालिनने गुंगी आणि पायावर सूज येते. पण एक विनंती, यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका, बीटा ब्लॉकर तर अजिबात अचानक थांबवायची नसते.

हृदयाच्या नसा खराब असणं हे नुसतं चक्करेपुरतं का नाही ते पण सांगते. हृदयाकडून वेदना आणणाऱ्या नसाही यात सापडतात, त्यामुळे हार्ट अटॅक येतो आणि छातीत दुखत नाही. अचानक धाप, घाम, मळमळ, विचित्र थकवा, किंवा शुगर अचानक कारण नसताना वाढणं एवढंच असतं. तसंच शुगर कमी झाल्यावर जी धडधड आणि थरथर होऊन माणूस सावध होतो ती सूचनाही बारीक होते. ॲकॉर्ड नावाच्या टाईप २ शुगरच्या मोठ्या अभ्यासात ज्यांच्या हृदयाच्या नसा आधीच बिघडलेल्या होत्या त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण साधारण दीड ते दोन पट होतं. घाबरवायला नाही सांगत, ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असायला पाहिजे म्हणून सांगतेय, कारण भूल दिल्यावर या लोकांचं बीपी झपकन उतरू शकतं.

शुगर आटोक्यात आणायची, पण घाईने नाही. टाईप १ मध्ये शुगर काटेकोर ठेवली तर नसांचं नुकसान खूप कमी होतं हे १९९३ च्या डीसीसीटी अभ्यासात स्पष्ट दिसलं, टाईप २ मध्ये फायदा आहे पण तेवढा मोठा नाही. आणि खूप वाढलेलं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, तीन महिन्यांत दोन टक्क्यांपेक्षा जास्त खाली ओढलं तर उलट नसांची भयंकर आग आणि बीपी पडणं सुरू होऊ शकतं. पंचाहत्तरीकडच्या माणसात शुगर कमी होऊन पडण्याचा धोका वेगळाच. त्यामुळे सावकाश.

उठण्याच्या त्रासाला औषधाआधी सवयी. उठायच्या आधी आडवं असतानाच पंजे वरखाली वीसेक वेळा, मग कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसणं, मग उभं राहून तिथेच क्षणभर थांबणं. अंधारी आली तर पाय एकमेकांवर आडवे घेऊन मांड्या आणि पोट आवळायचं, किंवा सरळ खाली बसायचं, लाजायचं नाही. अर्धा लिटर साधं पाणी पाच मिनिटांत प्यायलं तर ज्यांच्या नसा खराब आहेत त्यांचं बीपी थोड्याच वेळात वाढतं आणि साधारण तासभर टिकतं, हे खरोखर काम करतं, पण हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर विचारून. मीठ वाढवण्याचंही तसंच, विचारल्याशिवाय नाही. पोटपट्टा हा गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांपेक्षा जास्त उपयोगी, कारण रक्त पोटात जास्त साठतं. भरपेट जेवणानंतर दोन तासांत बीपी उतरतं, म्हणून थोडं थोडं खाणं. एवढं करून भागलं नाही तर मिडोड्रीन किंवा फ्लुड्रोकॉर्टिसोन ही बीपी वाढवणारी औषधं असतात, पण मिडोड्रीनचा शेवटचा डोस झोपायच्या किमान चार तास आधी, नाहीतर आडवं झाल्यावर बीपी खूप चढतं. व्यायाम बसून किंवा आधार धरून, आणि जोर किती लावायचा ते नाडीवरून ठरवू नका कारण ती नाडी खोटं सांगते, बोलता येईल एवढाच दम लागू द्या.

पायांना रोज बघा, तळवे आरशात, बोटांच्या मधे, चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवून. ज्या पायाला कळत नाही त्याचं काम डोळ्यांनी करायचं.

वाट न बघता लगेच न्यायचं ते केव्हा: पडताना पूर्ण शुद्ध गेली, झोपलेले किंवा बसलेले असताना शुद्ध गेली, आधी धडधड झाली, छातीत दाब किंवा धाप, एका बाजूची कमजोरी, काळी शौच, किंवा बधिरपणा आणि कमजोरी काही दिवसांतच भराभर वर चढायला लागली.

आणि हे सकाळीच का होतं तेही सांगते. या आजारात उभं असताना बीपी कमी आणि आडवं असताना जास्त असतं. रात्रभर आडवं झोपल्यावर ते चढलेलं बीपी किडनीला मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं, म्हणून तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं, आणि पहाटेपर्यंत अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, अशा वेळी माणूस अंधारात बधिर पायांनी उठून घाईघाईने बाथरूमकडे निघतो. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली १५-२० सेंटीमीटरचे ठोकळे ठेवा, नुसत्या उशा वाढवून चालत नाही, अख्खं शरीर कललेलं पाहिजे. रात्रीचा दिवा चालू ठेवा, लघवीचं भांडं पलंगाजवळ ठेवा, आणि वडिलांना लघवी बसूनच करायला सांगा. हे आज रात्रीपासून करता येईल, बीपीचे आकडे उद्या सकाळी घ्या.